पांढऱ्या कापडातली पेटी

कापड

कापड नवं होतं. पांढरं, सुती, एकदाही न धुतलेलं. वीस मार्चला महाडच्या मंचावर ते टेबलावर अंथरलं होतं. त्यावर बुद्धमूर्ती होती आणि बाबासाहेबांचा फोटो. कार्यक्रम संपला. आम्रपालीने मूर्ती आणि फोटो जागच्या जागी पोचते केले, कापड झटकलं, त्यात पेटी ठेवली आणि गुंडाळली. टेम्पोत सरकू नये म्हणून दोन्ही टोकांना सुतळीच्या गाठी मारल्या. मोगऱ्याचा एक गजरा उरला होता, तो गाठीत खोवला.

इतकंच घडलं होतं.

पेटी म्हणजे हार्मोनियम. ती आम्रपालीची नव्हती, तिच्या नवप्रकाश गायन पार्टीचीही नव्हती. पोलादपूर सोडून आंबेनळीच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला एक वाट खाली उतरते, तिथलं पिंपळकोंड. तिथल्या भैरवनाथ भजन मंडळाचे हैबती बुवा, त्यांची ती पेटी. महाडला मोठा पूर आला त्या वर्षी पार्टीची पेटी, ढोलकी, स्पीकर सगळं चिखलात गेलं. बुवांनी न मागता आपली पेटी खाली पाठवली. तेव्हापासून दर मार्चला पेटी महाडला उतरायची, पार्टीची भीमगीतं झाली की परत वर चढायची. नेणारा-आणणारा एकच, टेम्पोवाला इरशाद.

मग मंडळ आणि पार्टी यांचं बोलणं बंद झालं. ते असं.


तेच कापड, पिंपळकोंडातून

दुसऱ्या दिवशी पहाटे बुवा मोरीत पडले. तोंड वाकडं झालेलं, डावा हात लुळा. मुलगा दीपक त्यांना जीपमध्ये घालून महाडच्या दवाखान्यात घेऊन गेला. ठकूबाई, बुवांची बायको, घरी राहिल्या. जीपमध्ये जागा नव्हती.

ऊन अंगणात आलं तेव्हा दारात टेम्पो थांबला. इरशादने फळी पाडली. हौद्यात पांढरं बोचकं. दोन्ही टोकांना बांधलेलं. वर फुलं.

शेजारची बाई ओरडली. ठकूबाई ओरडल्या नाहीत. बोचकं लहान आहे, माणसाचं नाही, हे कळायला त्यांना जितका वेळ लागला तितका वेळ त्या उंबऱ्यात उभ्या होत्या.

"काकी, पेटी हाय," इरशाद म्हणाला. "बुवा कुठं गेले?"

ठकूबाईंनी गाठी सोडल्या. कापड उचलून परड्यामागच्या करवंदीच्या जाळीवर भिरकावलं. गोठ्यातून तांब्या आणला आणि गोमूत्र शिंपडलं. उंबऱ्यावर, पेटीवर, टेम्पोच्या पुढच्या चाकावर.


तीच पेटी, महाडातून

दुपारी इरशाद महाडला परतला. स्टँडजवळ चहा पिताना त्याने बुद्धरत्नला सगळं सांगितलं. बुद्धरत्न पार्टीचा ढोलकीवाला आणि आम्रपालीचा नवरा.

"काकीने पेटीवर गोमूत्र मारलं. माझ्या चाकावर पण मारलं, बोल!"

इरशाद हसत होता. बुद्धरत्नने चहा अर्धाच ठेवला.

वीस मार्चलाच बाबासाहेबांबरोबर महाडच्या चवदार तळ्यावर माणसं पाणी प्यायली, त्यानंतर ते तळं शेण-गोमूत्र ओतून शुद्ध करून घेतलं होतं. महाडात हे कुणाला पुस्तकात वाचावं लागत नाही. पेटी तर त्याच दिवसाच्या कार्यक्रमातून परत गेली होती.


ग्रुपवर

महाड-पोलादपूरकडच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, मंडळ आणि पार्टी दोन्ही त्यात आहेत.

दीपक: आमचे वडील दवाखान्यात मरणाच्या दारात असताना आमची पेटी मढ्यासारखी बांधून पाठवणाऱ्यांनी यापुढे पेटी मागू नये.

बुद्धरत्न: आमच्या हातची पेटी गोमूत्र शिंपडून घेणाऱ्यांची पेटी आम्हालाच नको. महाडात हे एकदा झालेलं आहे. आम्हाला पाठ आहे.

दीपक: कोण काय शिंपडतो ते ज्याच्या त्याच्या घरात.

बुद्धरत्न: बरोबर. कोण कशात गुंडाळतो तेही.

एक शाहीर: 🙏

एक सनईवाले: सुप्रभात. (गुलाबाचा फोटो)

यानंतर ग्रुपमध्ये फक्त अॅडमिन लिहू शकतील अशी व्यवस्था करण्यात आली.


भाता

बुवा घरी आले. तोंड बरंचसं सरळ झालं होतं, बोलणं कळत होतं. डावा हात तसाच, मांडीवर ठेवला की मांडीवर.

पेटीला दोन हात लागतात. उजवा पट्ट्यांवर, डावा मागच्या भात्यावर. भाता हलला नाही तर पट्टी दाबून उपयोग नाही, आतून नुसती टकटक येते. बुवांनी ती ऐकली. एकदाच. मग पेटी बंद करून भिंतीकडे तोंड करून झोपले.

"मी हलवतो भाता," दीपक म्हणाला.

दीपक पखवाज चांगला वाजवतो. भाता त्याने सायकलच्या पंपासारखा मारला. सूर एकदा किंचाळायचा, एकदा मरायचा. बुवांनी उजव्या हाताने पेटीचं झाकण आपटलं.

"उठ. ऊस पिळतोस काय?"

मंडळातल्या आणखी दोघांनी करून पाहिलं. त्यांनाही उठवण्यात आलं.

बुवांची शिकवायची पद्धत जगावेगळी होती. शिकायला येणाऱ्याला ते पट्ट्यांना हात लावू द्यायचे नाहीत. स्वतः पट्ट्यांवर बसायचे आणि शिकणाऱ्याने समोर बसून भाता हलवायचा. सगळा पावसाळा. बुवा गाताना श्वास कुठे घेतात, ओळ कुठे लांबवतात, गजर चढायला लागला की वारा कधी वाढवायचा, हे भात्यातूनच कळलं पाहिजे. पट्ट्या नंतर. दीपकने गणपतीच्या आधीच कंटाळून पखवाज धरला होता. दुसरे लोक आठवड्याभरात जायचे. पावसाळा संपेपर्यंत भाता हलवणारं एकच माणूस बुवांना मिळालं होतं. पुराच्या पुढच्या वर्षी दर रविवारी एसटीने वर येणारी, एमआयडीसीतल्या कारखान्यात पॅकिंगला असलेली आम्रपाली.

चैत्रातली जत्रा जवळ आली. मंडळ बुवांच्या ओटीवर जमलं आणि माणगावकडचा एक बुवा बोलावायचं ठरलं. हे आत ऐकू जाईल अशाच आवाजात ठरलं, कारण ओटी आणि आतली खोली यांच्यामध्ये दार नाही.

त्या दिवसापासून बुवा जेवेनात. पेजेची वाटी यायची तशी जायची. ठकूबाईंनी विचारलं तर म्हणाले, "तो येऊन बसला माझ्या जागेवर की माझं उठलं. मग कशाला खाऊ?"

"कुणी नीट बसलं तुमच्या भात्यावर, तर बसाल?"

"कोण बसतंय? जी होती तिला तुम्ही..."

(वाक्य पुरं झालं नाही. बुवांनी कूस बदलली.)


टेम्पोत

"काकी, पेटी मागं ठेव ना. मांडीवर कशाला?"

"तू चालव."

"पोलादपूरपर्यंत पाय मरतील तुझे."

"मरूं देत. तू तोंड उघडलंस म्हणून ही पाळी आली."

"मी काय केलं? बघितलं ते बोललो."

"बघितलं ते सगळं बोलायचं असतं काय रे मेल्या? तुझ्या आईनं काय काय बघितलं असंल, बोलत फिरते काय?"

"अम्मी? अम्मी तर सगळंच बोलते."

ठकूबाई थोड्या हसल्या.  सावित्रीचं पात्र दिसायला लागल्यावर इरशादच बोलला.

"आमच्यात पण मय्यतीला पांढरं. पण जुम्म्याला पण पांढरंच घालतो मी. हजला जातात ते पण पांढऱ्यात. कापड बघून कसं कळायचं, कुठं चाललाय माणूस?"

"तुझं प्रवचन राहूं दे. ब्रेक मार जरा, पुढं म्हस हाय."

ठकूबाई दीपकला न सांगता निघाल्या होत्या. सांगितलं असतं तर त्याने जाऊ दिलं नसतं, आणि मग त्याचं न ऐकता जावं लागलं असतं. ते वाईट दिसलं असतं.


आम्रपालीचं घर

दार बुद्धरत्नने उघडलं. पेटीकडे पाहिलं.

"या काकी. शिंपडायला आणलंय ना काही? आमच्याकडे गाय नाही."

"आणलं नाय. पाणी दे आधी."

त्याने आत जाऊन पाणी आणलं. ठकूबाईंनी तांब्या वर न धरता ओठाला लावला आणि पुरा रिकामा केला. बुद्धरत्न बघत होता. बघतोय हे त्यांना माहीत होतं.

आम्रपाली कारखान्यातून नुकतीच आली होती. पायातल्या चपला काढायच्या राहिल्या होत्या.

"बुवा कसे आहेत?"

"भिंतीकडं तोंड करून हायत. पोरी, मी शिंपडलं. खोटं नाय बोलत. पेटीवर पण शिंपडलं."

"माहीत आहे."

"मढ्याचं कापड दारात आलं म्हणून शिंपडलं. तुझा हात लागला म्हणून नाय."

"कशावरून?"

हा प्रश्न येईल असं ठकूबाईंना वाटलं नव्हतं. त्या इरशादकडे वळल्या. तो दाराबाहेर उभा होता.

"सांग रे. दर साली तूच आणतोस पेटी. मी कधी शिंपडलं?"

"नाय. याच टायमाला. खुदा की कसम. मागल्या साली तर काकीने पेटी उतरली तशी पदरानं पुसली आणि मला म्हणाली, नीट ठेव, आत उंदीर हायत."

बुद्धरत्न भिंतीला टेकून बसला. आम्रपालीने चपला काढल्या.

"काकी, ते मढ्याचं कापड नव्हतं. मंचावर मूर्तीखाली होतं ते. त्याच्याहून चांगलं कापड माझ्याकडे नव्हतं म्हणून त्यात बांधली."

"पांढरं?"

 आम्रपालीने भिंतीवरचा फोटो काढून ठकूबाईंच्या मांडीवर ठेवला. फोटोत एक मुलगी होती, पांढऱ्या साडीत, हातात फुलं. शेजारी पांढऱ्या सदऱ्यातला मुलगा.

"ही कोण गो?"

"मी. आणि शेजारी हे. मिशी नव्हती तेव्हा."

"म्हंजे कसला परसंग हा?"

"लग्न."

"पांढऱ्यात?"

"आमच्यात लग्न पांढऱ्यातच लागतं."

ठकूबाईंनी फोटो लांब धरला, जवळ धरला. इतकी वर्षं या मुलखात काढून त्या अशा लग्नाला कधी गेल्या नव्हत्या. बोलावणं आलं नव्हतं, की आलं होतं आणि गेल्या नव्हत्या, ते त्यांना आठवेना.

"आणि मढ्याला?" त्यांनी विचारलं.

"मढ्यालाही पांढरंच."

"मग?"

"मग काय? पेटी मढं नव्हती, काकी. बुवा पडलेत हे मला कुठे माहीत होतं? मी आदल्या दिवशीच बांधून ठेवली होती."

 इरशाद म्हणाला, "झालं मग. मिटलं." त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

"एक विचारू?" आम्रपाली म्हणाली. "मी रविवारी यायचे तेव्हा चहा द्यायचात. मला नेहमी कान तुटलेला कप असायचा. नेहमी तोच."

ठकूबाई विचार करत राहिल्या. घरातले कप त्यांनी मनात मांडून बघितले असावेत. बोटांची हालचाल तशी होती.

"एक कानतुटका होता खरा," त्या म्हणाल्या. "तुलाच द्यायची काय? ... मला नाय आठवत गो. खरंच नाय आठवत."

"बरं."

"नाय दिला असंही नाय म्हणत मी."

"बरं, काकी."

मग ठकूबाईंनी ज्यासाठी आल्या होत्या ते सांगितलं. भाता, दीपकचा पंप, पेजेची वाटी, माणगावचा बुवा. सांगताना रडल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "तू बसलीस तर ते बसतील. नाय बसलीस तर नाय बसणार. बळजबरी नाय. पेटी इथंच ठेवून जाते. तिकडं नुसती टकटक करते ती."

बुद्धरत्न म्हणाला, "ती देवळात येणार नाही. अंगारा लावणार नाही. नारळ घेणार नाही."

"तिला बोलूं दे ना," ठकूबाई म्हणाल्या.

"मी देवळात येणार नाही," आम्रपाली म्हणाली. "अंगारा, नारळ काही नाही. आणि दीपकने जिथे लिहिलं तिथेच पुन्हा लिहायचं."

"तिथं आता लिहिता येत नाय म्हणतो तो. बंद केलंय."

"मग उघडायला सांगायचं."


ग्रुपवर

अॅडमिन, जे लग्नात बँडही लावतात आणि त्या दिवशी हळदीत होते, त्यांनी तीन वेळा विचारल्यावर ग्रुप उघडला.

दीपक: पेटी पांढऱ्या कापडात आली ती मानाने आली होती. आमचा गैरसमज झाला. पेटी पुढेही महाडला जाईल.

खाली बराच वेळ काही नाही. मग:

बुद्धरत्न: वाचलं.

एक शाहीर: 🙏🙏

एक सनईवाले: सुप्रभात. (संध्याकाळचे पाच वाजले होते.)

दीपकने हे लिहिण्याआधी आईशी जे भांडण केलं ते अंगणात झालं, त्यामुळे वाडीला माहीत आहे. त्याचं म्हणणं, गैरसमज दोघांचा असताना लिहायचं मी एकट्यानेच का. ठकूबाईंचं म्हणणं, आधी लिहिलंस कुणी? त्याचं म्हणणं, बुद्धरत्नने तरी मान्य करावं की नाही? ठकूबाईंनी पेजेची भरलेली वाटी आणून त्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "जा, तूच खाऊ घाल बापाला. तुझ्या हातनं खातात काय बघ." त्यानंतर त्याने लिहिलं.


ओटी

मंडळाने ठरवलं होतं की जत्रेचं भजन देवळासमोरच होईल, जिथे नेहमी होतं. बुवांनी खाटेवरूनच सांगितलं की भजन ओटीवर होईल, ज्याला देवळात ऐकायचं असेल त्याने माणगावच्या बुवाला बोलवावं. दोघेजण रागावून गेले. एक परत आला.

आम्रपाली पेटी घेऊन इरशादच्या टेम्पोतून आली, बुद्धरत्न मोटरसायकलने मागून. परड्याजवळ उतरल्यावर तिला करवंदीच्या जाळीवर कापड दिसलं. वाऱ्याने आणि उन्हाने ते पिवळट झालं होतं, एका कोपऱ्यात काट्यांनी धागे ओढले होते. तिने ते सोडवलं. सोडवताना थोडं फाटलं.

ठकूबाई धावत आल्या. "दे इकडं, धुते. पेटीखाली घालूं आपण."

"नको," आम्रपाली म्हणाली. "मूर्तीखालचं आहे ते." तिने घडी करून आपल्या पिशवीत ठेवलं.

ओटीवर चहा आला. आम्रपालीने कप उचलला, पाहिला, शेजारचा पाहिला. सगळ्यांना कान होते. सगळे कप नवे होते, अजून किमतीचे कागद खाली चिकटलेले. दीपकने आपल्या कपाचा कागद नखाने खरवडून काढला आणि आईकडे पाहिलं. ठकूबाई आत गेल्या.

बुवांना उशीच्या आधाराने बसवलं. दाढी केली होती. डावा हात त्यांनी उजव्या हाताने उचलून मांडीवर नीट ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा. आम्रपाली पेटीच्या पलीकडे त्यांच्यासमोर बसली, पहिल्या पावसाळ्यात बसायची तशी. दीपकने पखवाजावर कणीक थापली. बुद्धरत्न ओटीखाली मोटरसायकलवरच बसून राहिला. "वर ये ना रे," कुणीतरी म्हणालं. "इथून ऐकू येतं," तो म्हणाला.

बुवांनी पट्टीवर बोट ठेवलं. आम्रपालीने भाता ओढला.

सूर फाटला. सगळ्यांनी ऐकला. बुवांनी बोट उचललं नाही. पुन्हा ओढला, पुन्हा तसाच, वारा एकदम येत होता आणि एकदम संपत होता. दीपक पखवाजावर हात ठेवून खाली बघत होता. त्याला बरं वाटलं की वाईट, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

"पोरी," बुवा म्हणाले. जीभ अजून थोडी जड होती. "रागानं हलवतेस."

"राग आहे, बुवा."

"असूं दे. पण सावकाश."

तिने भाता सोडला, पुरा मिटू दिला आणि पुन्हा ओढला. बुवांनी श्वास घेतला तेव्हा तिनेही घेतला. सूर आला आणि राहिला.